आधी तिला सांगा

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम. माझी मुलगी २४ वर्षांची आहे, नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. ती चार वर्षांची असताना तिला खूप ताप आला होता. अंगावर पुरळ, डोळे लाल, म्हणून गोवर समजून आम्ही तिला कडुनिंबाच्या पाल्यावर झोपवलं. ताप काही उतरेना. अकराव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी कावासाकी आजार सांगितला आणि महागडी इंजेक्शनं दिली. माझ्या पाटल्या गहाण पडल्या. पुढं यांनी ऑफिसात दोन वर्षं खेटे घालून बिल मंजूर करून घेतलं. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या डाव्या नळीत ४ मिलिमीटरचा फुगा निघाला होता. दीड वर्षानं पुन्हा इको केला तेव्हा फुगा गेला, सगळं नॉर्मल आहे, म्हणाले. गोळी बंद झाली. ती तिसरीत गेल्यावर आम्ही दाखवायला जाणंही सोडलं.

आता दोन महिन्यांपासून तिला धडधड होते, ठोका चुकल्यासारखा वाटतो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. एक-दोन जादा ठोके आहेत, टेन्शन घेऊ नको, असं तिला सांगितलं. तिचं लग्न जमत आहे. मुलगा अमरावतीचा, साखरपुडा पुढच्या महिन्यात, लग्न मे महिन्यात. मला रात्र-रात्र झोप नाही. तो फुगा फुटणार तर नाही? पुढं तिला मूलबाळ होईल ना? मुलाकडच्यांना सांगायचं की नाही? तेव्हा आम्ही उशीर केला म्हणून तर हे झालं नाही ना? तिला लहानपणी मोठा ताप आला होता एवढंच माहीत आहे. जुनी फाइल महाल भागातलं घर सोडताना हरवली.
— एक आई, मनीषनगर

उत्तर :

ताई, चार प्रश्न तुम्ही विचारलेत आणि चारही रास्त आहेत. पण मी अडखळले ते तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यावर, ज्याच्यापुढे प्रश्नचिन्ह नाही. त्याकडे येतेच. आधी तुमच्या झोपेचं बघू.

फुगा फुटेल का? नाही. कावासाकीतला फुगा फुटणं फार दुर्मीळ असतं, आणि जे फुटतात ते बहुतेक आजाराच्या पहिल्या काही आठवड्यांत, भराभर वाढणारे, फार मोठे असे. तुमच्या मुलीची ती वेळ वीस वर्षांपूर्वीच टळली. ‘अॅन्युरिझम’, म्हणजे असा फुगा, म्हटलं की प्रत्येकाला मेंदूतली नस फुटलेला कुणी ना कुणी नातेवाईक आठवतो आणि सगळे त्याच धास्तीत राहतात. हृदयाच्या नळीतल्या फुग्याची तऱ्हा वेगळी आहे. तो फुटत नाही, तुंबतो.

हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला लागणारं रक्त दोन बारीक नळ्यांमधून येतं. मोठ्या माणसात त्या जेमतेम बॉलपेनच्या रिफिलीएवढ्या. कावासाकीत अंगातल्या मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांना सूज येते, आणि तिचा सगळ्यात जास्त राग या नळ्यांवर. सुजेनं भिंतीतला लवचीक थर कुरतडला जातो आणि मग सायकलची जुनी ट्यूब एका जागी फुगते तशी ती भिंत फुगते. शेजारच्या चांगल्या भागाच्या दीडपट रुंद झाली की तिला अॅन्युरिझम म्हणायचं. चार वर्षांच्या पोरीची ती नळी साधारण २ मिलिमीटरची असते. तुमच्या लेकीची ४ झाली होती, म्हणजे दुप्पट. हा मध्यम आकार. ८ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असता तर त्याला जायंट म्हणतात, आणि मग रक्त पातळ ठेवणारी गोळी बहुधा कायमची मागे लागते. ती वेळ तुमच्यावर आली नाही.

आता तुंबणं म्हणजे काय? संत्र्याच्या बागेत पाटाचं पाणी सोडलंत की अरुंद पाटात ते खळाळत जातं. मधे पाट कुठं रुंदावला की तिथं पाणी मंद होतं, गाळ बसतो, शेवाळ धरतं. फुगलेल्या नळीत रक्ताचं तसंच होतं. वेग मंदावतो, गुठळी धरू शकते, आणि ती गुठळी पुढची वाट अडवते. हा एक धोका. दुसरा धोका हळू येतो : फुग्याच्या तोंडाशी वर्षानुवर्षं भिंत जाड होत जाते, तिच्यात चुना साठतो आणि नळी आक्रसते.

‘फुगा गेला’ असं जे तुम्हाला सांगितलं, ते खोटं नव्हतं. अशा फुग्यांपैकी निम्म्याहून जास्त वर्ष-दोन वर्षांत इकोवर दिसेनासे होतात. पण नळी जन्मली तेव्हा होती तशी झाली, असा त्याचा अर्थ नसतो. आतून नवा थर चढतो आणि वाट पुन्हा नेहमीएवढी होते. ओल आलेल्या भिंतीला आतून गिलावा केला की खोली छान दिसते, पण भिंत तीच असते. अशी नळी धडधाकट नळीपेक्षा कडक असते आणि तिच्यावर जन्मभर नजर ठेवावी लागते. गोळ्यांचा मारा करायचा नाही, नुसती नजर. तुम्ही तिसरीपासून जाणं सोडलंत, आणि मला खात्री आहे की ‘पुन्हा या’ असं तुम्हाला कोणी ठामपणे सांगितलंही नसेल. बालरोगतज्ज्ञ मूल मोठं झालं म्हणून सोडतात आणि मोठ्यांच्या हृदयतज्ज्ञाकडे ते पोचतच नाही. या फटीत कितीतरी पोरं पडलेली असतात.

डॉक्टरांनाही सरसकट दोष देता येत नाही, कारण हा आजार आमच्या शास्त्राच्या हिशेबानं तरुणच आहे. तोमिसाकू कावासाकी या टोकियोच्या बालरोगतज्ज्ञांनी पहिला रुग्ण पाहिला तो जानेवारी १९६१ मध्ये. तुमच्या लेकीसारखाच, चार वर्षांचा मुलगा. पुढं १९६७ साली त्यांनी ५० मुलांची हकिकत जपानी भाषेत छापली. तेव्हा त्यांनाही वाटत होतं की हा ताप आपोआप बरा होतो आणि मागं काही ठेवत नाही. हृदयाचं नंतर कळलं, काही मुलं अचानक दगावल्यावर. २०२० साली, पंच्याण्णवाव्या वर्षी ते गेले. म्हणजे पहिल्यांदा ओळखल्या गेलेल्या त्या मुलांनी आत्ता कुठं साठी ओलांडली आहे. या आजारातून उठलेलं पोर म्हातारपणी कसं असतं, हे जग त्यांच्याबरोबरच शिकत आहे.

आता धडधड. ‘ठोका चुकतो’ असं सगळेच म्हणतात, पण खरं तर तो चुकत नाही, घाईनं आधीच येऊन जातो. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून वेळेआधी एक ठोका पडतो, मग क्षणभर थांबणं, आणि पुढचा ठोका जोरात. तो थांबा आणि ती धप्पकन उडी, एवढंच माणसाला जाणवतं. धडधाकट हृदयात असे ठोके तुम्हाला, मला, सगळ्यांना पडतात आणि त्यांचं काही करायचं नसतं. तुमच्या मुलीच्या वयाच्या, दुसरा काही इतिहास नसलेल्या मुलीनं मला हेच सांगितलं असतं, तर मी आधी हिमोग्लोबिन पाहिलं असतं, मग थायरॉइड, मग विचारलं असतं की रात्रपाळीत मशीनची कॉफी किती होते आणि ते डब्यातलं एनर्जी ड्रिंक किती. आणि झोप किती. लग्न जमत असलेल्या मुलीला टेन्शन नसेल तरच नवल. त्यामुळे तुमचे डॉक्टर जे बोलले ते त्यांच्या जागी बरोबर होतं.

पण त्यांची जागा कोणती होती? त्यांना कावासाकीचं कोणी सांगितलं होतं का? माझा अंदाज सांगते. मुलगी ऑफिसातून येता-येता एकटीच गेली असेल. ‘आधी काही आजार?’ असं त्यांनी विचारलं असेल आणि ती ‘नाही’ म्हणाली असेल. तिलाच ठाऊक नाही ते ती काय सांगणार?

तेच जादा ठोके, त्यांच्या खाली स्नायूला रक्त कमी पडत असेल किंवा जुना व्रण असेल, तर वेगळी खबर देत असतात. व्रणावरून वीज सरळ जात नाही. ती त्याच्या कडेनं घुटमळते आणि एकदा गोल फिरायला लागली की हृदय मिनिटाला दीडशे-दोनशेच्या वेगानं धावतं. त्याला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात, आणि तो जिवावर बेतू शकतो. तुमच्या लेकीला हे झालंय असं मी मुळीच म्हणत नाही. दीड वर्षात दिसेनासा झालेला मध्यम फुगा आणि वीस वर्षं काही त्रास नाही, हा हिशेब चांगल्याच बाजूचा आहे. पण ‘टेन्शन आहे’ हा निष्कर्ष तपासणीनंतर काढायचा असतो, तपासणीऐवजी नाही.

तर या आठवड्यात हृदयतज्ज्ञाकडे जा. सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपरस्पेशालिटी आहे, मिहानचं एम्स तिच्या ऑफिसाजवळच पडेल, धंतोलीत तर पावलोपावली पाट्या आहेत. कुठंही जा, पण पहिलं वाक्य हेच असू द्या : ‘चौथ्या वर्षी कावासाकी, डाव्या नळीत ४ मिलिमीटरचा फुगा, नंतर दिसेनासा.’ हे वाक्य ऐकल्यावर समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

साध्या ईसीजीत जेमतेम दहा सेकंदांची नोंद असते. दिवसातून चारदा येणारी धडधड त्यात सापडली तर नशीब. म्हणून होल्टर लावतात, मोबाइलएवढं यंत्र, चोवीस तास अंगावर. ते लावून तिनं घरी पडून राहू नये. ऑफिसला जावं, जिने चढावेत, आणि धडधड झाली ती वेळ कागदावर लिहून ठेवावी. पट्ट्यावर चालवून ताणाची चाचणी होते. त्यात जादा ठोके व्यायामानं कमी होतात की वाढतात हे फार बोलकं असतं. वाढत असतील तर आम्ही कान टवकारतो. इको होईल, पण एक लक्षात ठेवा : लहान मुलाची छाती पातळ असते, नळ्या इकोवर छान दिसतात, मोठेपणी तशा दिसत नाहीत. म्हणून नुसत्या ‘इको नॉर्मल’वर समाधान मानून परत येऊ नका. नळ्यांचं सीटी अँजिओ करायचं का, हे विचाराच. शिरेतून औषध सोडून काढतात, त्याआधी किडनीची रक्ततपासणी करतात, नाडी जलद असेल तर ती हळू करायची गोळी देतात, आणि तासा-दोन तासांत घरी. व्रणाची शंका आलीच तर एमआरआय. सगळ्या तपासण्या प्रत्येकाला लागत नाहीत.

तोवर एक मात्र पाळा. जिना चढताना, धावताना ती बेशुद्ध पडली, छातीत दाबल्यासारखं झालं, किंवा धडधड चक्कर-घामासकट पाच-दहा मिनिटं थांबलीच नाही, तर स्कूटीवर मागं बसवून न्यायचं नाही. १०८ला फोन. आणि पडली, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबत राहायचं, गाडी येईपर्यंत. हे घरातल्या सगळ्यांना यायला हवं, मुलीला काही नसलं तरी. आणि कोणाच्या सांगण्यावरून मनानंच अॅस्पिरिन सुरू करू नका. डॉक्टरांनी ती चालू केली, तर डोकेदुखीला आयब्युप्रोफेनची गोळी घ्यायच्या आधी त्यांना विचारायचं. ती गोळी अॅस्पिरिनचं रक्त पातळ ठेवण्याचं काम हाणून पाडू शकते.

(हा मजकूर घरातले पुरुषही वाचतील म्हणून जाता-जाता : पन्नाशीनंतर अँजिओग्राफीत नळी फुगलेली निघाली, तर कारण बहुतेक कावासाकी नसतं, आत साठलेली चरबीच असते. तिथं पहिला इलाज तंबाखूचा खर्रा सोडण्याचा. आणि २०२०-२१ मध्ये ज्यांच्या लेकरांना कोविडनंतर आठवडाभर ताप येऊन हृदयावर सूज आली होती, त्यांनी त्या वेळचे इकोचे कागद जपून ठेवावेत.)

मूलबाळाचं विचारलंत. होईल. नळ्या आणि स्नायू ठीक असतील तर बाळंतपण इतर चार बायकांसारखंच होतं. फक्त स्त्रीरोगतज्ज्ञ आणि हृदयतज्ज्ञ यांना एकमेकांचा फोन नंबर माहीत असावा. समजा तपासणीनंतर काही औषध सुरू झालंच, तर दिवस राहण्याच्या आधी त्यांच्याशी बोलायचं, कारण रक्त पातळ करणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या त्या काळात बदलाव्या किंवा थांबवाव्या लागतात. बाळाला हा आजार होईल का? कावासाकी संसर्गानं पसरत नाही, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासारखा आईबापांची कार्डं जुळवून बघावी असा तो आजार नाही. घराण्यात थोडा कल असतो, एवढंच.

लग्नाच्या दिवसाचं मात्र मी डॉक्टर म्हणून नाही, नागपूरची बाई म्हणून सांगते. मे महिना, पंचेचाळीस डिग्री, अंगावर शालू, आदल्या रात्री मेंदी-संगीतापायी जागरण, आणि वर नवरीनं मुहूर्तापर्यंत उपाशी राहायचं! चांगल्या हृदयाचीही धडधड होईल. तिला खाऊ घाला, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी देत राहा. आणि दुसरं, याबद्दल घरात कुजबुजीत बोलतात म्हणून मी मोठ्यानं बोलते : पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. मुहूर्ताच्या तारखेला ‘अडचण’ नको म्हणून मावशी मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणून देते. या गोळ्यांनी काही बायकांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. ज्या मुलीच्या नळीचा असा इतिहास आहे तिनं हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्या घ्यायच्या नाहीत. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच. पाळी आली तर आली.

उशीर केला का, हे विचारताना तुमचा हात थरथरला असणार. सलाइनमधून द्यायचं ते इंजेक्शन पहिल्या दहा दिवसांत दिलं तर सगळ्यात चांगलं. न दिलेल्या दर चार मुलांमागे साधारण एकाला फुगा होतो, वेळेत दिल्यावर हे प्रमाण शंभरात चार-पाचांवर येतं. तुम्ही अकराव्या दिवशी पोचलात. ताप उतरला नसेल तर तेव्हाही देतात, आणि त्याचा फायदा होतो. आता खरं सांगते, मी शिकाऊ डॉक्टर असताना असंच एक मूल माझ्यासमोर आलं होतं. लाल डोळे, फुटलेले ओठ, पुरळ. मी गोवरच लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांची साल निघायला लागली तेव्हा माझ्या वरिष्ठांच्या लक्षात आलं. पाठ्यपुस्तक शिकलेल्या माणसाला जे दिसलं नाही ते तुम्हाला दिसायला हवं होतं, असं कोण म्हणेल? पाटल्या गहाण ठेवून अकराव्या दिवशी पोचणाऱ्या आईला मी उशीर केलेली म्हणणार नाही.

आता ते वाक्य. तिला लहानपणी मोठा ताप आला होता एवढंच माहीत आहे.

मुलाकडच्यांना सांगायचं की नाही, असं तुम्ही मला विचारताय. ताई, तो प्रश्न तुमचा नाहीच. तो तिचा आहे, आणि तो आपला आहे हे तिला माहीतही नाही. स्वतःच्या छातीतली गोष्ट अमरावतीच्या मंडळींना तिच्याआधी कळावी की नाही याचा विचार तुम्ही करताय! तिला घाबरवायचं नव्हतं, मला कळतं. पोर चार वर्षांचं असताना ते बरोबर होतं. चौदाव्या वर्षी सांगायला हवं होतं. चोविसाव्या वर्षी एकही दिवस थांबायचं कारण नाही, कारण त्या न सांगण्यापायीच तिला अर्धवट तपासून परत पाठवलं गेलं. उद्या पुण्या-बंगळुरात तिला रात्री त्रास झाला, तर तिथल्या डॉक्टरला सांगायला तुम्ही जवळ नसाल.

आज रात्री जेवणं झाल्यावर तिच्याजवळ बसा. रडारड न करता सांगता येत नसेल तर हे पान तिच्या हातात द्या. हृदयतज्ज्ञाकडे तिच्याबरोबर जा, पण बोलू तिला द्या. रिपोर्ट आले की, काय आणि कोणाला सांगायचं ते ती ठरवेल. माझं मत विचाराल तर, तिनं आधी मुलाशी बोलावं, दोघांनीच, पोह्याच्या बश्या आणि दोन्हीकडच्या आत्या-काकू समोर नसताना. ‘मला लहानपणी अमुक झालं होतं, तपासून घेतलंय, डॉक्टर असं म्हणतात, दर काही वर्षांनी दाखवायचं आहे.’ चार वाक्यं. ती ऐकून जो मुलगा पाय मागं घेईल त्याचं काय करायचं, हेही तीच ठरवेल. साखरपुडा पुढं ढकलायची गरज मला दिसत नाही. महिना हातात आहे, तपासण्यांना तेवढा लागत नाही.

फाइलचं. दवाखान्यात विचारून बघा, पण वीस वर्षांचे कागद मिळतीलच असं नाही. मला दुसरं सुचतंय. तुमच्या यांनी ऑफिसातून बिल मंजूर करून घेतलं ना? बिलाला डिस्चार्ज कार्ड आणि इकोच्या रिपोर्टची प्रत जोडल्याशिवाय कुठलंही ऑफिस पैसे देत नाही. आणि दोन वर्षं खेटे घालणारा माणूस आपली झेरॉक्स टाकून देत नाही. फाइल हरवली असेल, पण बिलाचे कागद त्यांच्या पेन्शनच्या कागदांसोबत कपाटात असणार. विचारा त्यांना.